कॅमेऱ्यातलाच कृष्णधवल, की रॉवरून नंतर?

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर जुन्या फिल्मसारखे रस्त्यावरचे फोटो काढायचे, तर मोनोक्रोम म्हणजे कृष्णधवल जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो) घ्यावा की रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल)?

जेपेगचा खरा फायदा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो. लाल शर्टातला माणूस हिरव्या भिंतीसमोर उभा आहे. डोळ्यांना झकास दिसतं, पण मोनोक्रोम स्क्रीनवर शर्ट आणि भिंत एकाच करड्या छटेत विरघळतात. हे तिथल्या तिथे कळतं, म्हणून मी दोन पावलं सरकून त्याच्यामागे उजेड आणतो. नजर अशीच तयार होते.

रॉमध्ये रंग शाबूत राहतात. घरी लाल उजळवून हिरवा गडद केला की तोच शर्ट भिंतीपासून सुटा होतो. फिल्मवाले हेच काम लेन्ससमोर रंगीत फिल्टर लावून करायचे. शिवाय १४ बिटच्या रॉमध्ये उजेड-अंधाराच्या १६,३८४ पातळ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. सावल्या उजळवताना फरक लगेच जाणवतो.

फोकसचं तंत्र दोन्हीकडे तेच: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, २८ मिमी समतुल्य (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स, एफ/८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस अडीच मीटरवर, साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट.

शिकणाऱ्याला मी आधी जेपेगच सुचवेन. मी स्वतः दोन्ही फाइल्स साठवतो, स्क्रीन मात्र मोनोक्रोमच ठेवतो.