महारेराचं संकेतस्थळ: जुन्या ले-आउटमध्ये फ्लॅट घेताना कितपत कामाचं?

नागपूरच्या धरमपेठ, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा जुन्या ले-आउटमध्ये (आखून प्लॉट पाडलेल्या वस्त्यांत) बंगला पाडून पार्किंगवर चार मजले चढवणं आता रोजचंच झालं आहे. अशा इमारतीत फ्लॅट घेताना बयाणा देण्याआधी महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघडाच. ते फुकट आहे आणि नुसतं पाहायला खातंही लागत नाही. नागपूरच्या जुन्या प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक पी505 ने सुरू होतात. जाहिरातीवरचा क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, वकिलाचा मालकी हक्काचा अहवाल, जमिनीवरचा बोजा आणि पूर्णत्वाची तारीख दिसते. तारीख वाढवून घेतली असेल तर मूळ तारीख कोणती होती तेही बघा. माहितीपत्रकातला नकाशा आणि इथला मंजूर नकाशा शेजारी ठेवून ताडा. इमारतीच्या बाजूला सोडायचं मोकळं अंतर आणि पार्किंगच्या जागा, फरक बहुतेक इथेच सापडतो.

खरी अडचण पुढे आहे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा 8 सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही. 50 बाय 100 फुटांचा प्लॉट म्हणजे 464.5 चौरस मीटर. वस्तीतल्या कितीतरी इमारती या आकड्याखालीच राहतात आणि शोधूनही सापडत नाहीत. गरज सगळ्यात जास्त जिथे आहे, नेमकं तिथेच हे संकेतस्थळ कमी पडतं.

तिथे हिशेब आपणच मांडायचा. मंजूर ले-आउटमध्ये समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल, तर एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे (2020) दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं) 1.10 मिळतो, प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) नाही, टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. 464.5 चौरस मीटरच्या प्लॉटवर ते 511 चौरस मीटर होतं. जिने, बाल्कनीसाठीचं 60 टक्के अनुषंगिक क्षेत्र शुल्क भरून धरलं तरी 817, म्हणजे साधारण 8,800 चौरस फूट. सगळ्या फ्लॅटच्या बांधीव क्षेत्राची बेरीज याच्या वर गेली, तर वरचा मजला कोणत्या परवानगीवर उभा आहे ते लेखी मागा. रस्ता 9 ते 12 मीटरचा असेल तर मर्यादा 2.00 पर्यंत जाते, पण त्यासाठी प्रीमियम भरल्याची पावती आणि टीडीआरची कागदपत्रं हवीत.

नोंदणी असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. नोंदणी नसलेल्या ठिकाणी हीच अट करारनाम्याआधी लेखी लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) हातात आल्यावरच द्या.