एमजीबीचा हीटर: जागेवर धुवायचा, की पेटी बाहेर काढायची?

इंग्लंडात नोव्हेंबर लागला की एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची एकच रड: पंखा फिरतो, वारा येतो, पण गार. १९६२ मध्ये ही गाडी आली तेव्हा हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे, आणि काही वेळा वाटतं की न घेणारे शहाणे होते.

वाटा तीन. मॅट्रिक्स, म्हणजे इंजिनचं गरम पाणी ज्यातून फिरतं तो हीटरमधला छोटा रेडिएटर, जागेवरच उलट्या दिशेने धुणं; तो काढून त्यात नवा गाभा घालून घेणं; किंवा सरळ नवा आणणं. पण यातलं काही ठरवण्याआधी गाडी वीस मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि हीटरच्या दोन्ही रबरी नळ्या जपून चाचपा. दोन्ही चटका बसेल इतक्या तापल्या असतील तर पाणी नीट फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला आहे: आतली झडप, तिची केबल किंवा फोमच्या पट्ट्या. इतका जुना फोम बोटांत धरला की शिळ्या भाकरीसारखा चुरतो. दोन्ही गार असतील तर सिलिंडर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूचा, हीटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बघा. डॅशबोर्डवरची खुंटी फिरते, पण तिकडे दांडी हलत नाही, असं बरेचदा होतं. इंजिनच्या तापमानाचा काटाही वर चढत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, उघडा अडकलाय. हिवाळ्यासाठी ८८ अंशांचा घाला. एक नळी कढत आणि दुसरी कोमट, असं असेल तरच मॅट्रिक्सवर संशय घ्यावा.

हे मी शिकलो ते मॅट्रिक्स ज्यात बसतो ती हीटरची पेटी बाहेर काढून झाल्यावर. अख्खा शनिवार-रविवार गेला आणि दोषी निघाला व्हॉल्व्ह.

मॅट्रिक्स तुंबलाय पण गळत नाही, तर आधी धुवा. दोन्ही नळ्या सोडा, आणि पाणी जिथून बाहेर पडतं तिथून बागेतल्या पाइपने आत सोडा. नळ मात्र जपून उघडा. पूर्ण दाबाने जुना सांधा फुटतो. पहिल्यांदा चहासारखं तांबूस पाणी येतं. ते स्वच्छ येईपर्यंत दिशा आलटून-पालटून धूत राहा. मग इंजिन ब्लॉकही धुवा. गाळ चौथ्या सिलिंडरभोवती, अगदी मागे साचतो. तो तसाच ठेवलात तर धुतलेला मॅट्रिक्स पुन्हा भरेल. खर्च जवळपास नवीन कूलंटपुरता, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापुरता. गळती थांबवणारी पूड मात्र घालू नका, ती या बारीक वाटाच आधी बुजवते.

गळत असेल तर धुण्याचा उपयोग नाही. पण ओला गालिचा दिसला म्हणून लगेच घाबरू नका: काचेसमोरच्या जाळीतून आत जाणारं पावसाचं पाणी बाहेर नेणारी नळी पानांनी तुंबली तरी गालिचा भिजतो. बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर तेलकट धूसरपणा बसतो, तर ते कूलंट. मग पेटी काढावीच लागते, आणि खरा खर्च तिथे आहे. वरचे स्क्रू निघतात, पण आत हवा नेणाऱ्या नळ्या डॅशबोर्डखाली आडवं पडून, मान वाकडी करून ओढाव्या लागतात, आणि पेटी जुन्या फोमला चिकटून बसते ती वेगळीच.

पेटी बाहेर आल्यावर जुन्याला नवा गाभा की नवा मॅट्रिक्स? माझा कौल जुन्याला, जवळ जुने रेडिएटर दुरुस्त करणारा चांगला कारागीर असेल तर. मूळ मॅट्रिक्सची टोकं आणि माप त्या पेटीसाठीच बनलेलं असतं. तोटा एवढाच की तोवर गाडी उभी राहते. नवा लवकर मिळतो, पण जुन्याशेजारी ठेवून मोजल्याशिवाय बसवू नका. टोक जरासं तिरकं असलं तरी रबरी नळी ताणली जाते. गाडी रोजच्या वापराची असेल तर नवाच घ्या. दोन्हीत मजुरी तीच, म्हणून पेटी उघडी आहे तोवर फोम, नळ्या आणि क्लिपा बदला, आणि मोटार बाहेरच बॅटरीला जोडून ऐकून घ्या. घरघर आली तर तीही.

आणि शेवटी कूलंट भरताना हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. बंद राहिला तर मॅट्रिक्समध्ये हवा अडकते, एक नळी कढत आणि दुसरी गार लागते, आणि तुम्ही पुन्हा पाना घेऊन पेटीकडे वळता.