म्हणे 38 वर लॉक आहे!

शॉवरच्या एका नकली व्हॉल्व्हपायी गेले 14,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'किती गेले' विचारायला कुणी फोन करायला नको. त्यातले 10,000 मोबाईलवरून दिले, 4,500 रोख. शिवाय आईच्या दवाखान्याचे 41,260. लाजेनं दोन महिने गप्प होतो. पण तो व्हॉल्व्ह बसवणारा मिस्त्रीच परवा इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत दुसऱ्या एकाच्या घरी काम बघायला आला होता असं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

आई 74 वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसता येत नाही, म्हणून बाथरूममध्ये स्टूल आणि शॉवर करायचं ठरलं. गच्चीवर सोलर आहे. उन्हाच्या दिवसात दुपारी ते पाणी हात घालवणार नाही इतकं तापतं. मिस्त्रीच म्हणाला, "दादा, म्हातारं माणूस हाय, गरम-गार पाण्याचा साधा मिक्सर नगं. थर्मोस्टॅटिक घ्या. पाणी अडतीस डिग्रीला लॉक असतंय. गार पाणी गेलं की गरम आपसूक बंद."

यात खोटं काही नव्हतं, तीच तर गोम. खरा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असाच चालतो. आत मेण भरलेली कुपी असते, ती तापली की फुगते आणि गरम पाण्याची वाट आवळते. हे मी स्वतः वाचून घेतलं होतं, डोळे मिटून गेलो नव्हतो. खात्री केली ती वस्तूची. दुकानातल्या खोक्यात काय आहे याची केली नाही.

दुकान लक्ष्मीपुरीतलं, मिस्त्रीच्या 'ओळखीचं'. ती ओळख कसली असते हे तुम्हाला सांगायला नको. मालक म्हणाला, पक्कं बिल केलं तर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,610 वाढतील, उगाच कशाला? हातात 'एस्टिमेट' लिहिलेला चिठोरा आला. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. तिथं मला लोभ सुटला, कबूल. पण घराचं काम काढून असा चिठोरा कधीच घेतला नाही, अशा माणसानंच मला बोलावं.

आणि आता ते, ज्यानं अजून रात्री झोपेतून जाग येते. व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर मी नॉब फिरवला. 38 च्या पुढे जायचं तर लाल बटण दाबावं लागतं. लॉक लॉक म्हणतात ते तेच. मी बटणाला बोटही लावलं नव्हतं. नॉब 38 वरून सरळ पुढे गेला, लोण्यातून सुरी जावी तसा. मी म्हणालो, "अवो, हे अडकत का नाही?" तो म्हणाला, "नवीन हाय न्हवं, चार दिवसांत बसंल." आणि मी मान डोलावली! नवी वस्तू सैल असते आणि वापरून घट्ट होते, हे शास्त्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि खरं मानलं. बाहेर चहा उकळत होता, त्याला 800 रुपये मजुरी द्यायची होती, चार दिवस घरात धूळ खाऊन जीव विटला होता. म्हणून मान डोलावली.

त्याच वेळी गार पाण्याचा कॉक बंद करून बघितला असता तर? खऱ्या व्हॉल्व्हमधलं पाणी काही क्षणांत थांबतं, निदान बारीक धार होते. फुकटची परीक्षा. तुम्ही करा, मिस्त्री घरात असतानाच, आणि पैसे नंतर द्या.

पंधराव्या दिवशी दुपारी आई आंघोळीला बसली. खाली भाडेकरूंनी वॉशिंग मशीन लावलं. गार पाण्याची लाईन एकच, त्यामुळे वरचं गार पाणी तुटलं आणि शॉवरमधून निव्वळ सोलरचं पाणी आलं. 60 अंशाच्या पाण्यानं धडधाकट माणूससुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजतो. म्हाताऱ्यांची आणि लहान पोरांची कातडी त्याहून नाजूक. आईला उठायलाच दहा सेकंद लागतात. खांदा आणि मांडी. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावली, तिला मी ओरडून थांबवलं. भाजल्यावर पेस्ट नको, बर्फ नको. नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं.

नंतर दुसऱ्याकडून तो व्हॉल्व्ह उघडून घेतला. आत कुपी नाही, काही नाही. साधा मिक्सर, वर आकडे छापलेला नॉब, आणि लाल बटण नुसतं चिकटवलेलं. शिवाय या नव्या माणसानं विचारलं, टाकी किती उंचावर आहे, पंप आहे का? दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर. इतक्या कमी दाबावर अस्सल मालही बऱ्याचदा नीट चालत नाही म्हणे. हा प्रश्न ज्यानं विचारला नाही, त्याला मालातलं कळत नव्हतं किंवा कळायची गरज नव्हती.

दुकानदार म्हणाला, "ह्यो आमचा मालच न्हाई." मिस्त्रीचा फोन बंद.

मग चकरा. चौकीत सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, पक्कं बिल आणा. अरे, बिल नाही हीच तर तक्रार! तिसऱ्या ठिकाणी तीनदा गेलो: साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब आताच गेले. चौथ्या खिडकीवरचा म्हणतो, "आजींना बादलीनंच घालायची की आंघोळ." भाजलेल्या बाईचे फोटो समोर ठेवल्यावर हे वाक्य. अर्ज उलट्या बाजूनं ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला, तो डाग माझ्या पोचप्रतीवर आहे. जपून ठेवलाय.

तुमच्यावर वेळ आली तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसलं तरी मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते, असं ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. माझे 10,000 भलत्याच माणसाच्या नावावर गेलेत, हे मला त्या दिवशी कळलं. पैसे पाठवताना नाव स्क्रीनवर येतं. आलं होतं. मी आकडाच बघत होतो.

नकली व्हॉल्व्ह पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, आयोगापुढे दाखवायला. आई आता बादली-तांब्यानंच आंघोळ करते, स्टुलावर बसून. पाण्यात आधी मी कोपर बुडवतो, मग ती स्वतःचं. माझ्यावर विश्वास नाही असं म्हणत नाही, पण बुडवते.