ग्राहक एक, नोंदी चार : मार्केटिंगचा प्लॅटफॉर्म घेण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत गेल्या वर्षी मी चार महिने काम केलं. पाण्याचे फिल्टर आणि किचन चिमण्या विकायच्या, बसवून द्यायच्या आणि दरवर्षी त्यांचं सर्व्हिसिंग करायचं, असा धंदा. मुलुंडपासून पनवेलपर्यंत ग्राहक, नोंदी सहा लाखांच्या आसपास. ग्राहकांना आपोआप मेसेज पाठवणाऱ्या तीन मोठ्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे प्लॅटफॉर्मचे, डेमो होऊन गेले होते. तिन्हींत रंगीत चौकोन बाणांनी जोडलेले दिसले होते आणि तिन्ही आवडले होते. मालकांचा प्रश्न एकच होता : यातलं कुठलं घेऊ?

उत्तर देण्याआधी मी पत्त्यांची फाइल मागून घेतली. एकट्या कोपरखैरण्याचं इंग्रजी स्पेलिंग सात तऱ्हांचं निघालं. कधी एक शब्द, कधी दोन, कधी 'कोपर'चं 'कोपेर'. घोडबंदर रोड कुठे पूर्ण लिहिलेला, कुठे नुसता 'जी. बी. रोड'. ऐरोली-घणसोलीत पाटील आणि म्हात्रे इतके की नावावरून माणूस सापडणं अशक्य. काही नोंदींत आडनाव आधी, काहींत नाव आधी. एका घरात आईच्या नावावर फिल्टर होता, मुलाच्या नावावर चिमणी, आणि दोन्ही नोंदींवर मोबाइल वडिलांचा.

माझं सगळं म्हणणं या एका घरात आहे. मेसेज पाठवणं सगळ्याच प्लॅटफॉर्मना येतं. 'खरेदीला अकरा महिने झाले की आठवण पाठव, उत्तर नाही आलं तर आठवड्याने फोन लाव' हे कुठेही अर्ध्या दिवसात बांधता येतं. फरक पडतो तो या घरातली माणसं ओळखण्यात. दोन नोंदी म्हणजे एकच माणूस आहे हे कळायला हवं, आणि एकच नंबर असला तरी माणसं दोन आहेत हेही कळायला हवं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे आणि डेमोत ती कोणीच दाखवत नाही. म्हणून खालची तुलना मी प्रामुख्याने याच बाजूने केली आहे.

सेल्सफोर्स

सेल्सफोर्सचं मार्केटिंग क्लाउड मुळात त्यांचं नव्हतं. २०१३ साली त्यांनी एक्झॅक्टटार्गेट ही कंपनी सुमारे अडीच अब्ज डॉलरना घेतली, त्यातून ते आलं. हा इतिहास तुमच्या खर्चाशी जोडलेला आहे. विक्रीचं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि मार्केटिंग क्लाउड एंगेजमेंट (हेच ते विकत घेतलेलं) यांच्या ग्राहकवह्या आजही वेगळ्या आहेत आणि कनेक्टरने जोडाव्या लागतात. मार्केटिंगच्या बाजूला प्रत्येक ग्राहकाला एक 'कॉन्टॅक्ट की', म्हणजे ओळखीची खूण, असते. सुरुवातीला घाईत कोणी ईमेललाच की केलं आणि पुढे सीआरएमचा आयडी वापरायला लागलं, की एकच माणूस दोनदा मोजला जातो. करार कॉन्टॅक्टच्या संख्येवर असेल, तर पैसेही दोनदा जातात. ही चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे. नंतर दुरुस्त करायला गेलं की जवळजवळ सगळी मांडणी नव्याने करावी लागते. तेव्हा की कोणती ठेवायची हा निर्णय पहिल्या आठवड्यात, कागदावर, तुमच्या माणसांनी घ्यायचा. तो इम्प्लिमेंटेशन पार्टनरवर, म्हणजे प्लॅटफॉर्म बसवून देणाऱ्या कंपनीवर, सोडायचा नाही.

ओळख जुळवण्यासाठी त्यांच्याकडे वेगळा भाग आहे. आधी त्याला डेटा क्लाउड म्हणत, २०२५पासून डेटा ३६० म्हणतात. तुम्ही जुळवणीचे नियम लिहिता, उदाहरणार्थ मोबाइल तोच आणि पहिलं नाव जवळपास तेच. त्या नियमांवर तो सगळ्या नोंदी जोडून एक एकत्रित प्रोफाइल उभं करतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी वाटते की मूळ नोंदी जशाच्या तशा राहतात. नियम चुकला, आई आणि मुलगा एक झाले, तर नियम बदलून पुन्हा चालवता येतं. आपल्याकडच्या डेटाला अशी दुसरी संधी लागतेच. पण हा भाग वापराच्या क्रेडिटवर चालतो, म्हणजे प्रत्येक चाचणीला मीटर पडतं. सहा लाख नोंदींवर दहा वेळा नियम फिरवून बघू म्हणालात, तर ते फुकट होत नाही. आधी एका नोडचा, म्हणजे फक्त वाशी किंवा फक्त ऐरोलीचा डेटा घेऊन नियम घासूनपुसून घ्या आणि मग सगळा ओता.

माणसांच्या बाबतीत मात्र सोय आहे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत सेल्सफोर्स येणारी मंडळी भरपूर आहेत. एक सोडून गेला तर दुसरा मिळतो. फक्त जाहिरातीत 'मार्केटिंग क्लाउड' असं स्पष्ट लिहा, कारण सीआरएम येणाऱ्याला एसक्यूएल आणि एएमपीस्क्रिप्ट या तिथे लागणाऱ्या भाषा येतीलच असं नाही.

अ‍ॅडोबी

अ‍ॅडोबीनेही बरंच विकत घेऊन जोडलं. २०१३ मध्ये निओलेन, २०१८ मध्ये ४.७५ अब्ज डॉलरना मार्केटो. पण एक्स्पीरियन्स प्लॅटफॉर्म हा पाया त्यांनी नव्याने बांधला आणि रिअल-टाइम सीडीपी (ग्राहकांची माहिती एकत्र ठेवणारा भाग) व जर्नी ऑप्टिमायझर (मेसेज पाठवणारा भाग) त्यावर बसवले, त्यामुळे आतून तो अधिक एकसंध वाटतो.

इथे ओळख 'ग्राफ'ने जुळते. मोबाइल, ईमेल, वेबसाइटची कुकी, ग्राहक क्रमांक हे सगळे एकमेकांना धाग्यांनी जोडले जातात. वेबसाइटवर दिवसाला हजारो लोक येणाऱ्या धंद्यात हे फार प्रभावी आहे. मात्र आमच्या त्या घरासारखी घरं आली की हाच धागा उलटा फिरतो. वडिलांचा नंबर आईलाही जोडलेला आणि मुलालाही, मग तिघं मिळून एकच ग्राहक होतात. याला ते 'ग्राफ कोलॅप्स' म्हणतात. तो टाळायला त्यांनी ग्राफ जोडणीचे नियम दिले आहेत. एका ग्राफमध्ये ग्राहक क्रमांक एकच असला पाहिजे असं तुम्ही ठरवता, मग सामाईक मोबाइल असूनही दोन माणसं वेगळी राहतात. एका फोनवर चार माणसं चालवणारी आपली कुटुंबं ध्यानात घेतली, तर हा नियम कसा लावणार हे मी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारेन. ज्याला उत्तर नीट देता येणार नाही, त्याने असं काम केलेलं नाही असं समजा.

अडचण आहे ती मांडणीच्या शिस्तीची. एक्सडीएम नावाच्या आराखड्यात डेटा एकदा भरला, की त्यात नवं फील्ड घालता येतं, पण असलेलं काढता येत नाही. 'बघू, नंतर बदलू' अशी कामाची पद्धत असलेल्या ठिकाणी अ‍ॅडोबी त्रास देईल. ज्यांच्याकडे डेटाची मांडणी ठरवणारा डेटा आर्किटेक्ट पगारावर आहे, त्यांनीच याच्या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

झोहो

आधीच्या दोघांनंतर झोहो बघितला की हायसं वाटतं. दर रुपयांत, वेबसाइटवर छापलेले, डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईत. डॉलर वाढला म्हणून रिन्यूअलच्या वेळी घाम फुटत नाही. सीआरएम, ईमेल, तक्रारींचा डेस्क, हिशेब हे सगळं एकाच घरचं, त्यामुळे जोडण्याचा खर्च कमी.

जुळवणी मात्र साधी आहे. डुप्लिकेट शोधतो, पण ईमेल किंवा मोबाइलसारख्या ठरलेल्या फील्डवर. मोबाइल हाच निकष धरला तर सासू आणि सून एक होतील. एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सोडवता येणार नाहीत असं धरूनच चालायचं. म्हणून झोहो घेणाऱ्याने जुळवणी बाहेर करून, स्वच्छ फाइल आत न्यावी. दीड-दोन लाख नोंदींपर्यंत, स्वतःची चार माणसं असलेल्या कंपनीला मी बहुतेक वेळा हाच सुचवतो.

क्लेव्हरटॅप, मोएंगेज, वेबएंगेज

ही आपल्या देशात वाढलेली मंडळी. क्लेव्हरटॅप २०१३ साली मुंबईत सुरू झालं, मोएंगेज बंगळुरूचं. ग्राहक अ‍ॅपवर रोज काय करतो हे टिपून त्याच क्षणी नोटिफिकेशन देण्यात ही साधनं तयार आहेत, आणि दर साधारणपणे महिन्याला सक्रिय असणाऱ्यांवर ठरतो. किराणा, गुंतवणूक, प्रवास असा अ‍ॅपवरचा धंदा असेल तर पहिला डेमो यांचा बघा. अ‍ॅपमध्ये माणूस लॉगिन करतो, त्यामुळे ओळखीचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. ज्यांचा ग्राहक वर्षातून एकदा फोन करून 'फिल्टर बदलायचाय' म्हणतो, त्यांच्यासाठी यांची खरी ताकद वाया जाते.

ऑरेकलबद्दल थोडक्यात. एलोक्वा आणि रिस्पॉन्सिस ही मार्केटिंगची साधनं त्यांनी विकत घेतली, पण जाहिरातीचा व्यवसाय त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केला. आधीपासून ऑरेकलवर असाल तर राहा, नव्याने जायला मी सांगणार नाही. मॉटिक हे मुक्त स्रोत साधन आहे, लायसन्सचा खर्च शून्य. पण सेगमेंट, म्हणजे ग्राहकांचे गट, ताजे ठेवायला क्रॉन जॉब (सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लावावे लागतात, आणि यादी लाखांत गेली की सर्व्हरकडे लक्ष देणारा माणूस लागतोच. त्याचा पगार हिशेबात धरा.

मराठी मेसेजचा खर्च कोणीच सांगत नाही

इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा. लांबला तर प्रत्येक तुकडा इंग्रजीत १५३ चा, देवनागरीत ६७ चा. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'सर्व्हिसिंग' हा शब्द वाचायला चार अक्षरांचा, पण मोजायला अकरा. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये मावणारा दीडशे अक्षरांचा मजकूर मराठीत तीन एसएमएसचे पैसे घेतो. तरी आमच्या कंपनीत वयस्क ग्राहक मराठी मेसेजलाच उत्तर देत होते, म्हणून आम्ही मराठी सोडली नाही, मजकूर कापला. प्रत्येक मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावा लागतो, तेव्हा कापाकापी नोंदणीच्या आधी करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर जुलै २०२५पासून दर मेसेजला आकार आहे. सर्व्हिसिंगच्या तारखेची आठवण 'युटिलिटी' या प्रकारात बसते. तिच्यातच 'दहा टक्के सूट' घुसवली की ती 'मार्केटिंग' ठरते आणि महाग पडते. आठवण आणि ऑफर यांचे दोन वेगळे मेसेज ठेवता येतात की नाही, हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर करून बघा.

संमती कुठे नोंदली जाते?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. निवड करताना त्यातल्या तीन गोष्टी लागतात. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, म्हणजे मराठीतही वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. आणि प्लॅटफॉर्म कोणाचाही असो, जबाबदारी तुमची. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत.

आता पुन्हा त्या घरात या. मुलाने 'मला मेसेज नको' म्हटलं. नोंदी चुकून एक झालेल्या असतील तर आईची सर्व्हिसिंगची आठवणही बंद होते. नोंदी उगाच वेगळ्या राहिल्या असतील तर एका नोंदीवर नकार आणि दुसरीवरून मेसेज चालूच. संमती नंबरला चिकटवायची की माणसाला, हे ज्या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला ठरवता येत नाही, तो घेऊ नका. सेल्सफोर्स आणि अ‍ॅडोबी दोन्हींत ते ठरवता येतं, पण आपोआप होत नाही, बांधून घ्यावं लागतं. झोहोत नोंदीपुरतं होतं.

चाचणी तुमच्या डेटावर

विक्रेत्याचा नमुना डेटा स्वच्छच असतो. तुम्ही स्वतःच्या पाच हजार नोंदी काढा, नावं-नंबर बदलून घ्या, पण घाण तशीच ठेवा. त्यात पन्नास घरं अशी निवडा जिथे एका नंबरवर दोन-तीन माणसं आहेत, आणि खरं उत्तर आधी हाताने लिहून ठेवा. मग प्रत्येक विक्रेत्याला तीच फाइल द्या. किती घरं बरोबर सुटली, चुकलेली परत कशी सोडवली आणि त्याला किती क्रेडिट गेले, एवढं मोजा. आणखी एक प्रश्न सही करण्याआधी लेखी विचारा : करार संपला तर संमतीच्या इतिहासासकट सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल?

वागळे इस्टेटच्या त्या कंपनीने शेवटी झोहो घेतला. मोठ्या दोघांपैकी सेल्सफोर्सची जुळवणी चांगली ठरली होती, पण वर्षाचा आकडा त्यांच्या नफ्याला झेपणारा नव्हता. वाचलेल्या पैशांतून त्यांनी जुळवणीसाठी एक मुलगा वेगळा ठेवला. कॉल सेंटरच्या स्क्रीनवर एक नवा रकाना आला आहे, आणि फोन उचलणारी मुलगी आता तक्रार लिहून घेण्याआधी विचारते, "काकू, हा नंबर तुमचा स्वतःचा, की घरातल्या कोणाचा?"