वादळानंतर दारात आलेला ठेकेदार

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या वाऱ्यापावसाचा तडाखा बडोद्यालाही बसला. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीचा, गच्चीच्या कठड्याखालचा गिलावा त्या पावसात निखळला. गल्लीत अशी आणखीही घरे होती, आणि त्यांचा माग काढत एक ठेकेदार स्वतःहून आमच्या दारात आला.

त्याने निखळलेल्या जागेच्या कडेकडेने हातोडी वाजवून पोकळ आवाज ऐकवला, सगळी भिंतच सुटली आहे असे बाबांना पटवले, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि त्याच दुपारी माणसे लावून वरपासून खालपर्यंत गिलावा उतरवायला सुरुवात केली. या फसवणुकीची खरी मेख इथे आहे. भिंतीच्या उघड्या विटा समोर दिसत असताना आणि पावसाळा तोंडावर आलेला असताना, ‘आता माल महागला’ म्हणून त्याने वाढवलेला दर नाकारण्याची सोय कोणत्याही घरमालकाला उरत नाही. शिवाय नुकसानीचा पुरावाही ढिगाऱ्यातून वाहून जातो. आमच्या विम्यात वादळाचे नुकसान समाविष्ट होते, परंतु सर्वेक्षक येईपर्यंत वादळाने किती पाडले आणि ठेकेदाराने किती, हे ओळखता येईना, आणि दावा फेटाळला गेला.

नवे काम तर केवळ देखावा होता. विटा न भिजवता एकाच जाड थरात गिलावा थापला, त्यावर पाणी मारलेच नाही, आणि ओल असतानाच घराच्या आतल्या भिंतींना लावायची पुट्टी व रंग चढवून सगळे झाकले. डब्यातले ‘वॉटरप्रूफ केमिकल’ कोणत्या कंपनीचे, हे सांगणारे लेबलही त्यावर नव्हते. जुलैत पापुद्रे सुटू लागले तेव्हा त्याचा फोन बंद होता.

पुढे ओळखीच्या कडियाने, म्हणजे गवंड्याने, शेजारच्या घराची तशीच भिंत तपासली. त्याने ती मधोमध, खाली, खिडक्यांच्या बाजूंना अशी सगळीकडे वाजवली, पोकळ निघालेला तुकडाच चौकोनी कापला, विटा भिजवून सिमेंट-वाळूचा एकास चार प्रमाणाचा माल दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर चढवला, किमान सात दिवस पाणी मारायला लावले आणि रंगासाठी चार आठवडे थांबवले. तोवर कठड्यावर ताडपत्री बांधलेली होती. वादळानंतर तातडीने करण्यासारखे काम तेवढेच असते. हातोडी लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे दिनांकासह फोटो काढावेत आणि विमा कंपनीला कळवावे.

आमच्याकडे पक्के बिल नव्हते, मात्र पैसे यूपीआयने दिल्यामुळे नोंद राहिली आणि तिच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता आली. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शनही मिळते.