व्हिटनी प्लँटेशन, लुइझियाना : काहिली ओळखीच्या निघाल्या

लेकीकडे ह्यूस्टनला आलो की ती कुठेतरी फिरवते. यंदा न्यू ऑर्लिन्स ठरलं. म्हणाली, "बाबा, वाटेत एक उसाचा मळा बघायचाय." एकतीस वर्षं कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात काढली, शेवटची अकरा मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून. आता ऊस बघायला डॉलर मोजायचे? कुरकुरतच गाडीत बसलो.

मागच्या खेपेला याच मिसिसिपीच्या काठचा दुसरा एक वाडा पाहिला होता, नाव घेत नाही. झुंबरं, चांदीची भांडी, मालकिणीच्या लग्नाचा झगा. राबणाऱ्यांचा उल्लेख दोनदा आला असेल, तोही 'नोकरवर्ग' म्हणून. व्हिटनीत उलटा प्रकार आहे. मालकाचं घर इथेही आहे, पण ही जागा त्याची नाही, गुलामांची. जॉन कमिंग्ज नावाच्या वकिलाने ही जागा विकत घेऊन २०१४ च्या डिसेंबरात लोकांसाठी खुली केली.

सुरुवात चर्चपासून. बाकांच्या आजूबाजूला मातीची मुलं उभी आहेत, खऱ्या मुलांच्या उंचीची. मुलंच का? तर १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून जुन्या गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. १८६५ साली गुलामी संपली तेव्हा ही सगळी म्हातारी माणसं पोरसवदा होती. जे सांगायला उरले ते लहानपणचंच सांगणार. गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळतं, त्यावर अशाच एकाचे शब्द. माझं कार्ड मी चर्चमध्ये वाचलं नाही, रात्री हॉटेलवर वाचलं.

पुढे भिंतींवर नावं. लुइझियानातल्या १,०७,००० गुलामांची नावं एका भागात कोरली आहेत. लहान मुलांचा कोपरा वेगळा. सेंट जॉन द बॅप्टिस्ट पॅरिश, म्हणजे आपला तालुका धरा, तिथली सुमारे २,२०० बाळं, तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेली. तिथे मी थांबलो नाही. लेक थांबली.

मी थांबलो काहिलींपाशी. गवतात उसाचा रस आटवायच्या लोखंडी काहिली मांडून ठेवल्यात, गंजलेल्या, माणूस बसेल एवढ्या. बघितल्याबरोबर आजोळचं गुऱ्हाळ आठवलं. आमच्याकडे एक काहील, खाली चुलवाण, चिपाड ढकलणारा घामाने निथळतोय आणि गुळव्या डोळे बारीक करून रसाचा रंग बघतोय. इथे चार-पाच काहिली ओळीने बसवायचे, मोठीतून लहानीत. पहिलीला फ्रेंचमध्ये ग्रांद, शेवटच्या धाकटीला बातरी. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायचा. गुऱ्हाळात बोटभर रस अंगावर उडाला तर कातडं निघतं, हे मला कुणी सांगायला नको. इथे रात्रपाळीला हे काम चालायचं, आणि पाळी संपली म्हणून घरी जायची सोय नव्हती. हिमाने ऊस मारायच्या आत हंगाम उरकायचा, म्हणून गाळप चोवीस तास. एवढं मलाही समजतं, आमचाही हंगाम चोवीस तासच. पण साखरेच्या या मुलखात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असत, हे वाचल्यावर 'चोवीस तास' हा शब्द निराळा लागला.

शाळेत आम्हाला जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची, अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेली, एवढं पाठ होतं. परीक्षेत एक मार्क. पण ते गुलाम करत काय होते? कापूस, एवढंच डोक्यात. साठीला आलो तरी उसाचं माहीत नव्हतं. साखरवाला असून!

जरा आडबाजूला १८११ च्या बंडाचं स्मारक आहे. जानेवारीत शेकडो गुलाम ऊस तोडायचे कोयते घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले. पुढारी चार्ल्स देलोंद, स्वतः गुलामच, पण कामाला मुकादम. बंड मोडल्यावर मुंडकी खांबांवर टोचून नदीकाठाने उभी केली. स्मारकातही तशीच मुंडकी आहेत, भाजक्या मातीची. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

कोयता, मुकादम हे शब्द कानात असताना मी बोलून गेलो, "आपल्याकडे बीडचे ऊसतोडवाले काय वेगळे?" लेक म्हणाली, "बाबा, त्यांचा हिशेब घरी जाऊन काढू. इथे आधी यांचं ऐकू." राग आला. पण खरं होतं. बीडच्या जोडप्याची आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही हे खरं, पण त्याचं पोर कुणी लिलावात विकत नाही. आणि त्या उचलीबद्दल एकतीस वर्षांत मी किती वेळा तोंड उघडलं, तेही मला ठाऊक आहे.

कामाचं : न्यू ऑर्लिन्सहून तासाभराचा रस्ता. टोपी, पाणी, सपाट चपला. फिरणं बरंचसं उघड्यावर आहे. माहिती देणाऱ्याबरोबरची फेरी घ्या. आमची बाई पंचवीस-सव्वीसची असेल, पण एकही वाक्य पाठ केल्यासारखं नव्हतं. कमीत कमी अडीच तास ठेवा, आणि त्याच दिवशी दुसरा कुठला वाडा बघू नका.

परतताना लेकीने फोनवर एक नाव काढून दिलं. नॉर्बर्ट रिल्यू, जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला द्यायची, व्हॅक्यूमखाली कमी तापमानाला रस आटवायचा, ही त्याची युक्ती, पेटंट १८४३ चं. म्हणजे ती काहिलींची ओळ आणि पळ्या गेल्या त्या याच्यामुळे. आणि म्हणजे कारखान्यात रस आटवणारा आमचा इव्हॅपोरेटर! चार भांड्यांचा, म्हणून आम्ही त्याला 'क्वाड' म्हणायचो. एकतीस वर्षं रोज त्याच्या काचेतून उकळता रस बघितला.

रात्री कारखान्यातल्या जुन्या शिफ्ट केमिस्टला फोन लावला. विचारलं, "आपला क्वाड कुणी काढला रे?" त्याने लगेच कंपनीचं नाव सांगितलं. बॉडीवर प्लेटच आहे ना तशी.