एल्डन रिंग, नऊ महिन्यांनंतर : मार्गिटची काठी आणि ढोलाचं टिपरू

फेब्रुवारीत एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम घेतला, आता दिवाळी होऊन गेली. गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे मी तीन वर्षं उशिराच सुरुवात केली. आतापर्यंत १४० तास झालेत. मध्ये जुलै-ऑगस्टला ढोल पथकाच्या सरावामुळे खेळणं जवळजवळ बंद होतं, आणि गंमत म्हणजे याच दोन महिन्यांत मला हा गेम कळला.

गेममधल्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आडवा येतो. मार्चमध्ये मी त्याच्यापाशी अकरा दिवस अडकलो होतो. हिंजवडीहून वारज्याला घरी पोहोचायला साडेआठ, मग जेवण आणि दहा ते बारा मार्गिट. शेवटी पॅचेस नावाच्या विक्रेत्याकडून ५,००० रून्सला (रून्स म्हणजे गेममधलं चलन) मार्गिटची बेडी घेतली. ती वापरली की पहिल्या टप्प्यात तो काही क्षण जमिनीला खिळतो. सोबत लांडग्यांची राख वापरून तीन लांडगे बोलावले आणि कसाबसा पुढे सरकलो. जिंकलो खरा, पण कुठे चुकत होतो ते तेव्हाही उमगलं नव्हतं.

सरावाला नदीपात्रात उभे असताना आमच्या पथकातला एक दादा नव्या पोरांना रोज सांगायचा, "हात वर गेला म्हणजे ठोका नाही. हात खाली यायला लागतो तिथे बघ." एका संध्याकाळी ते ऐकताना मला मार्गिटची काठीच दिसली. तो काठी उचलतो आणि थांबतो. मी उचललेली काठी बघूनच रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, मारायचो. रोल संपून उभा राहायचो तेव्हा काठी खाली यायची, ती थेट डोक्यात. या गेममधले बहुतेक मोठे बॉस असेच मुद्दाम उशीर करतात. म्हणून आता मी शस्त्राऐवजी खांदा बघतो. खांदा पुढे झुकला की रोल, तोही मागे नाही, त्याच्या अंगाशी, बगलेखालून. मागे पळालं की पुढचा वार लांबून येऊन गाठतो. जवळ गेलं की तो आपल्यामागे पडतो आणि दोन घाव घालायला जागा मिळते. घाव दोनच घालायचे. तिसऱ्याच्या मोहात मी जितक्या वेळा मेलो, तितका दुसऱ्या कशाने मेलो नसेन.

आणखी एक गोष्ट कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. इथे रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण दाबून धरलं की माणूस धावतो. घाबरून बटण दाबून धरलं तर तेवढा उशीर होतो. टिपरू ढोलावर दाबून ठेवायचं नसतं, आपटून लगेच उचलायचं असतं; बोटही तसंच हवं.

औषधाचा घोट घेतानाही भान लागतं. लांब उभं राहून प्यायलं की मार्गिट सोनेरी खंजीर फेकतो. त्याचा वार जमिनीत गेल्यावर, तो सावरत असताना प्यायचं.

तयारीचं थोडक्यात सांगतो. व्हिगर, म्हणजे पात्राचा जीव वाढवणारा गुण, आधी ४० वर न्या. ६० च्या पुढे फारसा फायदा नाही. अंगावरचं वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रोल लोळण्यासारखा होतो. पात्राच्या लेव्हलपेक्षा तलवार वाढवण्यावर आधी खर्च करा. ड्रॅगनसमोर लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवणं) काढून पायाशी लढा, नाहीतर कॅमेरा आभाळाकडे जातो. आणि खेळ थांबवायचं सरळ बटण नाही, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी एकदा कुरिअरवाल्यासाठी दार उघडायला उठलो आणि जिंकत आलेली लढाई गेली.

विसर्जनानंतर नवं पात्र घेतलं. मार्गिट तिसऱ्या प्रयत्नात पडला, बेडी आणि लांडग्यांशिवाय. मग जुन्या पात्राने मलेनिया या दुसऱ्या बॉसकडे गेलो. तिचा प्रत्येक वार लागला की तिचं रक्त भरतं, ढालीवर झेलला तरी भरतं. त्यामुळे ढाल ठेवून दिली. तिचा तो हवेतला नाच सुरू होताना ती उडी मारून क्षणभर वर थांबते. तिथेही तेच, थांबणं बघायचं. पहिल्या फेरीला लांब पळायचं, दुसऱ्या फेरीत तिच्याच दिशेने रोल करून खालून निघायचं. अगदी जवळ सापडलो तर गोठवणारं मडकं फेकायचं, नाच तुटतो. माझ्या उचिगाताना तलवारीने होणारा रक्तस्राव तिच्यावर चांगला चालला. ती पडली त्या रात्री पावणेदोन वाजले होते. हात थरथरत होते, धाकट्या भावाला उठवून दाखवलं.

कंट्रोलर मात्र जपून घ्या. पहिला स्वस्तात घेतला, दोन महिन्यांत डावी स्टिक आपोआप सरकायला लागली, आणि कडेलोटाच्या वाटेवर ते महागात पडतं.

सध्या शॅडो ऑफ द एर्डट्री या गेमच्या जोडभागात मेस्मर नावाच्या बॉसपाशी आहे. तिथे मूळ गेममधली लेव्हल पुरत नाही, स्काडूट्रीचे तुकडे गोळा करून ताकद वाढवावी लागते, म्हणून या शनिवार-रविवारी फक्त तेच शोधणार आहे. मेस्मरच्या भाल्याचा पहिला झेप घेणारा वार आता दर वेळी चुकवतो.